कोणाचा दबदबा सर्वांत मोठा? मंडळात हा वाद नीट रंगवण्याची रीत

ग्वाल्हेरच्या कॅप्टन रूपसिंह मैदानावर २४ फेब्रुवारी २०१० ला सचिनने दक्षिण आफ्रिकेविरुद्ध १४७ चेंडूंत नाबाद २०० धावा केल्या. पुरुषांच्या एकदिवसीय क्रिकेटमधलं ते पहिलं द्विशतक. मैदान ज्यांच्या नावाचं आहे ते रूपसिंह मात्र हॉकीचे. ध्यानचंद यांचे धाकटे भाऊ, ग्वाल्हेर संस्थानाच्या सैन्यात नोकरीला. १९३२ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये अमेरिकेविरुद्धच्या एकाच सामन्यात त्यांनी दहा गोल केले होते. आपल्या लष्कर भागातल्या कुठल्याही मराठी मंडळात हे दोन आकडे एकापाठोपाठ उच्चारा आणि बाजूला व्हा. रात्री अकरापर्यंत तुम्हाला दुसरं काही करावं लागत नाही.

फक्त त्यातून हाती काही लागत नाही. ज्याचा आवाज मोठा त्याचा खेळाडू मोठा ठरतो, तरुण मुलं मोबाइल काढून बसतात आणि शेवटी कुणीतरी म्हणतं, "जाऊ द्या, सगळेच ग्रेट." गणेशोत्सवात किंवा कोजागिरीला हाच विषय दीड तासाच्या रीतसर कार्यक्रमात बसवायचा असेल तर काय करावं, ते पुढे सांगतो. घरच्या ओसरीवर चार जणांत वाद घालायचा असला तरी पहिल्या चार पायऱ्या उपयोगी पडतील.

पहिली पायरी: प्रश्न फळ्यावर लिहा

या वादात तीन प्रश्न एकमेकांत गुंतलेले असतात. सर्वांत महान कोण, सर्वांत लाडका कोण, आणि आपल्या बरोबरीच्यांना सर्वांत मागे कुणी टाकलं. पहिल्या दोहोंचा निकाल एका संध्याकाळी काय, एका जन्मात लागत नाही. तिसरा बऱ्यापैकी मोजता येतो, म्हणून वादाला तोच घ्यायचा. फळ्यावर मोठ्या अक्षरात असं लिहा: "आपल्या खेळात, आपल्या काळात, बाकीच्यांच्या सर्वांत पुढे राहिलेला खेळाडू कोण?"

खाली एक अट घाला: निदान पाच वर्षांचा दबदबा हवा. ही अट का, ते बॉब बीमनच्या उडीवरून समजतं. १९६८ मध्ये मेक्सिको सिटीत त्याने लांब उडीत ८.९० मीटर अंतर कापलं. आधीचा विक्रम ८.३५ चा होता, म्हणजे एका उडीत ५५ सेंटिमीटरची भर. हा विक्रम १९९१ पर्यंत टिकला. पण मेक्सिको सिटी समुद्रसपाटीपासून सव्वादोन हजार मीटर उंचीवर, हवा विरळ, आणि बीमन पुन्हा त्या अंतराच्या जवळपासही गेला नाही. तो एका दुपारचा चमत्कार होता.

याच अटीने सचिनचं द्विशतक आणि रूपसिंहांचे दहा गोलही बाद होतात, कारण दोन्ही एकेका दिवसाची कामगिरी. सभागृहात नाराजीचा हुंकार उठेल. उठू द्या. नियम आपल्या लाडक्यांनाही लागू आहे हे सुरुवातीलाच कळलं की पुढचा दीड तास सोपा जातो.

दुसरी पायरी: नावं आधी गोळा करा, क्रिकेटला एकच खुर्ची द्या

कार्यक्रमाच्या आठवडाभर आधी चिठ्ठ्या मागवा. मोकळं सोडलंत तर दहापैकी आठ चिठ्ठ्यांवर क्रिकेटपटू येतील, उरलेल्या दोनांवर फेडरर. म्हणून आधीच जाहीर करा: एका खेळातून एकच नाव आणि चार नावांत निदान एक स्त्री. पहिल्या वेळी चारच नावं घ्या. सहा घेतलीत की भाषणं लांबतात आणि मागच्या रांगेतून लोक चपला शोधायला उठतात.

चिठ्ठ्यांत काही चांगलं आलं नाही तर ही नावं हाताशी ठेवा. क्रिकेटमधून डॉन ब्रॅडमन. हॉकीतून ध्यानचंद. कुस्तीतून रशियाचा अलेक्झांडर कॅरेलिन. स्क्वॉशमधून ऑस्ट्रेलियाची हेदर मॅके किंवा पाकिस्तानचा जहांगीर खान. चारशे मीटर अडथळ्यांच्या शर्यतीतून एडविन मोझेस, ज्याने १९७७ ते १९८७ या काळात सलग १२२ शर्यती जिंकल्या. पोहण्यातून केटी लेडेकी. जिम्नॅस्टिक्समधून सिमोन बाइल्स. व्हीलचेअर टेनिसमधून नेदरलँड्सची एस्थर वर्गीर, जी २००३ नंतर एकेरीत एकही सामना न हरता, सलग ४७० विजयांवर २०१३ मध्ये निवृत्त झाली. बर्फावरच्या हॉकीतून वेन ग्रेट्झकी. त्याचा गोलांचा विक्रम ओवेच्किनने २०२५ मध्ये मोडला. पण ग्रेट्झकीने दुसऱ्यांना गोल करायला दिलेले पासच १,९६३ भरतात आणि गोल व पास मिळूनही त्या लीगमध्ये (अमेरिका-कॅनडातली एनएचएल) इतके गुण दुसऱ्या कुणाच्याच नावावर नाहीत.

एखादे आजोबा गामा पहिलवानाचं नाव घेतीलच. दतिया आपल्यापासून दोन तासांच्या आत, आणि गामाचं बालपण तिथल्या दरबाराच्या आश्रयाने गेलेलं, त्यामुळे ते नाव इकडे घरचंच वाटतं. १९१० मध्ये लंडनला झिबिस्को या पोलिश मल्लाशी त्याची कुस्ती अडीच तासांहून जास्त चालून बरोबरीत सुटली, आणि १९२८ मध्ये पतियाळात त्याच झिबिस्कोला त्याने मिनिटभराच्या आत चीत केलं. गोष्ट अशी की ऐकणारा टाळी देतोच. अडचण एवढीच की त्याच्या बहुतेक कुस्त्यांची नोंद आखाड्यांच्या आठवणींत आहे, कागदावर नाही. त्याला स्पर्धेत घेऊ नका. सुरुवातीला पाच मिनिटं आजोबांना द्या आणि गामाची गोष्ट त्यांच्या तोंडून होऊ द्या. आजोबा खूश, आणि सभागृहही तापतं.

उत्तेजक द्रव्यांमुळे ज्यांची विजेतेपदं काढून घेतली गेली ती नावं चिठ्ठीतच बाजूला काढा. सायकलपटू लान्स आर्मस्ट्राँगची १९९९ ते २००५ मधली सातही टूर द फ्रान्स विजेतेपदं २०१२ मध्ये रद्द झाली. तो विषय स्वतंत्र संध्याकाळचा आहे.

तिसरी पायरी: प्रत्येक नावाचं एक कार्ड

साधं पोस्टकार्डाएवढं कार्ड. आकडे त्यावर असतील तेवढेच भाषणात चालतील, हा नियम कडक पाळा. नाहीतर कुणीतरी उभं राहून "मी ऐकलंय" अशी सुरुवात करतं आणि त्याला खोडायला कुणाकडेच काही नसतं. कॅरेलिनचं कार्ड असं भरता येईल (अंतर आणि गर्दी म्हणजे काय, ते चौथ्या पायरीत येतं):

खेळ: ग्रीको-रोमन कुस्ती (कमरेखाली पकड चालत नाही ती), सर्वांत जड वजनगट.
काळ: १९८०च्या दशकाच्या शेवटापासून २००० पर्यंत.
अंतर: ऑलिंपिक सुवर्ण १९८८, १९९२, १९९६. जागतिक अजिंक्यपदं नऊ. आंतरराष्ट्रीय मैदानावर तेरा वर्षं अपराजित. त्यातली शेवटची सहा वर्षं प्रतिस्पर्ध्याला एक गुणसुद्धा दिला नाही.
गर्दी: पूर्व युरोपात हा खेळ खोलवर रुजलेला. पण इतक्या वजनाचे मल्ल मुळातच कमी.
सर्वांत वाईट दिवस: सिडनी २००० चा अंतिम सामना, अमेरिकेच्या रुलन गार्डनरकडून ०-१ ने हार.
विरोधक काय म्हणतील: क्युबाच्या मिहाइन लोपेसने याच प्रकारात २००८ ते २०२४ सलग पाच ऑलिंपिक सुवर्णं घेतली, मग कॅरेलिनच का?

शेवटच्या दोन रकान्यांशिवाय कार्ड अर्धवट समजा. कौतुकाचे आकडे सगळेच आणतात. ब्रॅडमनच्या कार्डावर वाईट दिवसाच्या रकान्यात काय लिहाल? ओव्हलवरचा १९४८ चा शून्य बहुतेक जण लिहितात, कारण ती गोष्ट गाजलेली आहे: चार धावा हव्या होत्या, एरिक हॉलिसने दुसऱ्याच चेंडूवर त्रिफळा उडवला आणि सरासरी शंभरऐवजी ९९.९४ वर थांबली. माझ्या मते त्या रकान्यात १९३२-३३ ची बॉडीलाइन मालिका यायला हवी. इंग्लंडने अंगावर चेंडू टाकायचा डाव खास त्याच्यासाठी आखला, आणि तो त्यात अडकला. त्या मालिकेत त्याची सरासरी ५६.५७ होती. आता समोरच्या संघाला विचारा, एखाद्या फलंदाजाची जन्मभराची कसोटी सरासरी एवढी असली तर त्याला काय म्हणाल?

चौथी पायरी: अंतर आणि गर्दी

सगळा वाद या दोन रकान्यांवर फिरवायचा. अंतर म्हणजे दुसऱ्या क्रमांकापासून हा किती पुढे. गर्दी म्हणजे त्याच्याशी स्पर्धा करायला मैदानात किती लोक, किती तयारीचे होते. दोन्ही एकमेकांच्या उलट ओढतात. खेळ नवा असला, थोड्या देशांत खेळला जात असला, तर एखाद्या असामान्य माणसाला फार पुढे जाता येतं. खेळ पसरला, प्रशिक्षण सुधारलं, की मागचे सगळे जवळ येतात आणि पहिल्या-दुसऱ्यातली फट मिटत जाते. म्हणून नुसतं अंतर मोजलं तर जुने जिंकतात आणि नुसती गर्दी पाहिली तर आजचे. वक्त्याने दोन्हींचा हिशेब द्यायला हवा.

अंतराचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण पोहण्यात आहे. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये लेडेकीने ८०० मीटर फ्रीस्टाइल ८ मिनिटं ४.७९ सेकंदांत संपवली आणि दुसरी आलेली जॅझ कार्लिन त्यानंतर ११.३८ सेकंदांनी भिंतीला लागली. टीव्हीच्या चित्रात लेडेकीबरोबर दुसरं कुणी दिसत नव्हतं. उलट २००८ च्या बीजिंगमध्ये मायकल फेल्प्सने १०० मीटर बटरफ्लाय ०.०१ सेकंदाने जिंकली. सुवर्णपदक दोघांनाही एकेकच. म्हणूनच पदकांची संख्या हा फसवा आकडा आहे. फेल्प्सची २८ ऑलिंपिक पदकं, त्यात २३ सुवर्ण, हे अचाटच. पण पोहणाऱ्याला एकाच ऑलिंपिकमध्ये आठ शर्यतींत उतरता येतं, कुस्तीगिराला एका वजनगटात एकदाच. मोझेसला तर एकच शर्यत होती, आणि १९८० ला अमेरिकेने मॉस्कोवर बहिष्कार टाकल्यामुळे तेव्हा तीही मिळाली नाही. पदकं मोजायला लागलात की पोहणारे आणि जिम्नॅस्ट सगळी संध्याकाळ खाऊन टाकतील.

आता गर्दी. इथे आपल्याला घरच्याच माणसांवर कठोर व्हावं लागतं, आणि ग्वाल्हेरात ते जड जातं. १९३२ च्या लॉस एंजेलिसला हॉकीत तीनच संघ आले होते: भारत, जपान, अमेरिका. जागतिक मंदी होती, प्रवास लांबचा होता. भारताने जपानला ११-१ आणि अमेरिकेला २४-१ असं हरवलं. भारताच्या ३५ गोलांपैकी रूपसिंहांचे १३ आणि ध्यानचंदांचे १२. अमेरिका दोन्ही सामने हरली तरी कांस्यपदक घेऊन घरी गेली, कारण चौथा संघच नव्हता. ज्याने ध्यानचंदांची बाजू १९३२ वर उभी केली, त्याची बाजू पहिल्याच प्रश्नाला पडणार.

ती दुसऱ्या पायावर उभी करता येते. १९२८ च्या ॲम्स्टरडॅमला नऊ संघ होते. भारताने पाच सामन्यांत २९ गोल केले, ध्यानचंदांचे त्यातले १४, आणि भारतावर एकही गोल झाला नाही. १९३६ च्या बर्लिनला अकरा संघ. स्पर्धेआधीच्या सराव सामन्यात जर्मनीने भारताला ४-१ ने हरवलं होतं. त्याच जर्मनीला अंतिम सामन्यात ८-१ ने हरवलं, आणि साऱ्या स्पर्धेत भारतावर झालेला तेवढा एकच गोल. गर्दीचा आक्षेप मात्र इथेही शिल्लक राहतो: १९०८ आणि १९२० चं सुवर्ण जिंकलेला ब्रिटनचा संघ १९२८ ते १९३६ या तिन्ही ऑलिंपिकमध्ये उतरलाच नाही. त्याला उत्तर असं की १९४८ ला तो उतरला आणि लंडनमध्ये, स्वतंत्र भारताच्या संघाकडून अंतिम सामन्यात ४-० ने हरला. तोवर ध्यानचंद निवृत्त झाले होते. म्हणजे हे उत्तर भारतीय हॉकीची ताकद सिद्ध करतं, ध्यानचंदांची थेट नाही. चांगला विरोधक तिथे बोट ठेवेल. ठेवू द्या, वादाचा खरा रंग अशाच जागी चढतो.

ब्रॅडमनला हीच मोजपट्टी लावा. त्याचे सगळे ५२ कसोटी सामने ऑस्ट्रेलिया आणि इंग्लंड या दोन देशांत झाले, त्यातले ३७ एकट्या इंग्लंडविरुद्ध. आपल्या फिरकीच्या खेळपट्ट्यांवर तो एकही कसोटी खेळला नाही. म्हणजे गर्दी मर्यादित. पण त्याच मैदानांवर, त्याच काळात वॅली हॅमंड खेळत होता आणि त्याची सरासरी ५८.४५ वर थांबली. वेस्ट इंडीजच्या जॉर्ज हेडलीची ६०.८३. गर्दी सगळ्यांना सारखीच होती, तरी बाकीचे साठीच्या आसपास आणि हा शंभराच्या दारात. ऑस्ट्रेलियाच्या चार्ल्स डेव्हिस या संख्याशास्त्रज्ञाने वेगवेगळ्या खेळांतले खेळाडू तोलायला प्रमाण विचलन वापरलं. म्हणजे त्या खेळातले सगळे साधारण किती फैलावलेले असतात ते आधी काढायचं, आणि मग हा खेळाडू त्या फैलावाच्या किती पट बाहेर उभा आहे ते पाहायचं. ब्रॅडमन ४.४ वर येतो, फुटबॉलचा पेले ३.७, गोल्फचा जॅक निकलॉस ३.५, बास्केटबॉलचा मायकल जॉर्डन ३.४. हे आकडे सभेत सांगणार असाल तर फळ्यावर टिंबांचा ढग काढून एक टिंब दूर दाखवा. नुसतं "चार पूर्णांक चार" म्हटलंत तर कुणालाही काही कळणार नाही.

गर्दीचा आणखी एक पोटप्रश्न: दबदबा किती रुंद? राफाएल नदालने फ्रेंच ओपन चौदा वेळा जिंकली, आणि तिथे त्याचे ११२ विजय, ४ पराभव. एका मातीवर एवढी सत्ता टेनिसमध्ये दुसऱ्या कुणाची नाही. पण त्याच्या २२ ग्रँड स्लॅमपैकी बाकी तीन मैदानांवरची मिळून आठच. त्याला "टेनिस" या नावाखाली उभं करायचं की "लाल मातीचं टेनिस"? वक्त्याने आधीच सांगितलं पाहिजे.

सांघिक खेळांचं काय? विल्ट चेंबरलेनने १९६१-६२ च्या बास्केटबॉल हंगामात सामन्यामागे सरासरी ५०.४ गुण केले. एकूण गुणांत दुसऱ्या क्रमांकावरचा वॉल्ट बेलामी सरासरी ३१.६ वर. तरी त्या वर्षी करंडक बिल रसेलच्या बॉस्टनने नेला, आणि रसेलकडे तेरा हंगामांत अकरा करंडक जमले. दोघांपैकी कोण, हा प्रश्न स्वतंत्र कार्यक्रमाला पुरेल. आपल्या कार्यक्रमात एवढंच ठरवा की मोजायचा तो खेळाडू, करंडक नाही.

पाचवी पायरी: फेऱ्या आणि घंटा

चार संघ, प्रत्येकी दोन वक्ते. चारही कार्डं सगळ्यांना दोन दिवस आधी द्या.

पहिल्या फेरीत प्रत्येक संघाला चार मिनिटं, आपल्या खेळाडूची बाजू मांडायला. दुसऱ्या फेरीत तीन मिनिटं फक्त प्रश्न. विचारणाऱ्याने भाषण सुरू केलं की घंटा. तिसरी फेरी माझ्या विशेष आवडीची, आणि ती कुणी गाळू नये: चिठ्ठी उचलून प्रत्येक संघाने समोरच्या एखाद्या संघाच्या खेळाडूची बाजू दोन मिनिटं मांडायची. अर्धा तास ज्याला झोडपलं त्याच्याविषयी आता चांगलं बोलायचं. इथे कळतं कुणी कार्ड नीट वाचलंय. आणि कुणाचं डोकं तापलेलं असेल तर ते इथे आपोआप निवतं. मग श्रोत्यांना पंधरा मिनिटं, एकाला एकच प्रश्न.

वेळ राखायला आठवी-नववीतल्या मुलीला बसवा. मोठ्यांना थांबवायला मोठे कचरतात, मुलं कचरत नाहीत. आकड्यांवर नजर ठेवायला एक जाणकार हवा. आपल्या शहरात १९५७ पासून शारीरिक शिक्षणाची लक्ष्मीबाई राष्ट्रीय संस्था आहे, तिथला एखादा विद्यार्थी ओळखीतून मिळतो. त्याला फक्त "कार्डावर आहे" किंवा "कार्डावर नाही" एवढंच म्हणायचा अधिकार द्या. मत मांडायला लागला तर तो पाचवा संघ होईल.

खाणं मधल्या वेळात ठेवू नका. मंगोड्यांची कढई तापल्याचा वास आला की ब्रॅडमनलाही कुणी विचारत नाही.

सहावी पायरी: हमखास होणारी भांडणं

"आजचा पोरगा तेव्हा नेला तर?" हा प्रश्न येतोच. कालयंत्र कुणाकडे नाही, त्यामुळे फळ्याकडे बोट दाखवा. तिथे "आपल्या काळात" असं लिहिलेलं आहे. पुढे जा.

"बुद्धिबळ हा खेळ आहे का?" यावर पाचच मिनिटांत हात वर करून घ्या आणि जे ठरेल ते पाळा. चिठ्ठ्या मागवतानाच हे केलंत तर उत्तम.

बायकांच्या खेळांचं भांडण मात्र असं हातावेगळं करता येत नाही. ग्वाल्हेरात ते बहुधा सचिनवरून सुरू होतं. कुणीतरी म्हणतं, "वनडेतलं जगातलं पहिलं द्विशतक आपल्या गावात झालं," आणि कुणीतरी उठून सांगतं की ऑस्ट्रेलियाच्या बेलिंडा क्लार्कने १६ डिसेंबर १९९७ ला मुंबईत डेन्मार्कविरुद्ध नाबाद २२९ केल्या होत्या, बारा वर्षं आधी. लगेच उत्तर येतं, "डेन्मार्क? ते काय क्रिकेट खेळतात?" उत्तर चुकीचं नाही, तो गर्दीचाच मुद्दा आहे. पण मग तो सगळ्यांना सारखा लावा.

मागच्या गणेशोत्सवात महालेखाकार कार्यालयातून निवृत्त झालेले एक काका ध्यानचंदांच्या बाजूने होते आणि कॉलेजातली एक मुलगी हेदर मॅकेच्या. मॅकेचं कार्ड जबरदस्त आहे: १९६२ ते १९७७ ब्रिटिश ओपन सलग सोळा वेळा, आणि साऱ्या कारकिर्दीत पराभव फक्त दोन. काकांनी प्रश्नांच्या फेरीत नेमका घाव घातला.

"अगं, पण खेळत होती कुणाशी? त्या काळी स्क्वॉश खेळणाऱ्या बायका जगात होत्या तरी किती?"

"काका, लॉस एंजेलिसला हॉकीचे संघ किती होते?"

"तीन."

"आणि अमेरिकेला कांस्य कसं मिळालं?"

काकांना हसू आलं, कारण उत्तर त्यांच्याच कार्डावर होतं. "दोन्ही मॅच हरून. पण बाळ, मी बर्लिनवर बोलत होतो."

"मग मीही रॅकेटबॉलवर बोलते," म्हणत तिने राखून ठेवलेला पत्ता काढला. मॅके चाळिशीच्या आसपास रॅकेटबॉल या दुसऱ्याच खेळात उतरली आणि अमेरिकेतल्या मोठ्या स्पर्धा तिथेही जिंकली. गर्दी बदलली तरी अंतर राहिलं. श्रोत्यांतून पहिली मोकळी टाळी तेव्हा पडली. लक्षात घ्या, आक्षेप तिने नाकारला नाही. तो मान्य करून त्याच्या पलीकडचा पुरावा दिला. आपल्या वक्त्यांची तयारी करून घेताना एवढी एक सवय लावली तरी पुष्कळ.

जहांगीर खानच्या बाबतीत वेगळा धोका असतो. १९८१ ते १९८६ मधले सलग ५५५ विजय हा आकडा सगळे म्हणतात आणि ऐकणाऱ्याला तो खोटा वाटतो. त्याच्या वक्त्याला सांगा, त्या आकड्यावर सगळा भार टाकू नकोस. १९८२ ते १९९१ सलग दहा ब्रिटिश ओपन विजेतेपदं हा पुरावा वर्षावर्षाने दाखवता येतो. आणि ती मालिका १९८६ च्या जागतिक स्पर्धेच्या अंतिम सामन्यात न्यूझीलंडच्या रॉस नॉर्मनने तोडली, हे स्वतःहून सांग. पराभव लपवणाऱ्या वक्त्यापेक्षा पराभव सांगणाऱ्यावर श्रोते जास्त विश्वास ठेवतात.

सातवी पायरी: मतं दोनदा घ्या

हॉलमध्ये शिरताना प्रत्येकाकडून एक चिठ्ठी घ्या आणि निघताना दुसरी. ज्या संघाची मतं सर्वांत जास्त वाढली तो विजयी. शेवटी सर्वांत जास्त मतं कुणाला, यावर निकाल लावलात तर क्रिकेटचा संघ बसल्या जागी जिंकेल आणि पुढच्या वर्षी बाकीच्या खेळांसाठी वक्ते मिळणार नाहीत. पहिल्या आणि दुसऱ्या चिठ्ठीचा रंग वेगळा ठेवा, नाहीतर मोजताना गोंधळ होतो.

सूत्रसंचालकाने आपला कल शेवटची चिठ्ठी पेटीत पडेपर्यंत बोलू नये. नंतर विचारलंच तर सांगावा. माझा ब्रॅडमनकडे आहे, कारण त्याच मैदानांवर, त्याच गोलंदाजांसमोर खेळणारे मोठमोठे फलंदाज साठीच्या आसपास थांबले हा मुद्दा आजवर मला कुणी खोडून दाखवलेला नाही. त्याच्या मागोमाग मॅके. तिला दुसरं ठेवलं म्हणून त्या मुलीने कार्यक्रमानंतर माझ्याशी आणखी अर्धा तास वाद घातला. वर्गीरचं नाव मी तिच्या बरोबरीने का घेत नाही, हाही तिचा प्रश्न होता, आणि तो रास्त आहे. व्हीलचेअर टेनिसमध्ये त्या काळी गर्दी किती होती यावर एखाद्या वक्त्याने कसून तयारी केली तर माझं मत बदलू शकतं.

निकाल सांगताना आधीची आणि नंतरची दोन्ही संख्या वाचून दाखवा. मतं सारखी वाढली असतील तर नाणं उडवू नका. दोन्ही संघांना एकेक मिनिट आणि एकेक नवा प्रश्न द्या, मग हात वर करून मोजा. कार्डं मंडळाच्या कपाटात जपून ठेवा. पुढच्या वर्षी त्या चार नावांना सुट्टी, आणि चिठ्ठ्या मागवण्याची सूचना श्रावण लागण्यापूर्वीच फलकावर लावा.